आठ मिनिटांचा हट्ट

रुग्णालयाच्या धुलाई विभागात तिला सगळे वकीलबाई म्हणायचे. वकिलीच्या प्रवेश परीक्षेचा अर्ज तिने भरला त्याच्या कितीतरी आधीपासूनचं हे नाव. एकदा हातमोज्यांची पेटी हरवली आणि मुकादमाने सगळ्या पाळीवर ठपका ठेवला, तेव्हा तिने त्याला उभ्या उभ्या चार प्रश्न विचारले. चौथ्या प्रश्नाला पेटी त्याच्याच कपाटात निघाली. त्या दिवसापासून ती वकीलबाई. छत्तीस वर्षांची, वजनकाट्यावर काम करणारी, अंगाने काटकुळी, बोलायला तिखट. घरी मात्र ती मामाची ढब्बू. लहानपणी ती गुटगुटीत होती म्हणून मामाने ठेवलेलं नाव, ती वाळून काडी झाली तरी त्याने बदललं नव्हतं.

घरी ती आणि मामा, दोघंच. आई गेल्यावर मामानेच तिला वाढवलं. तो कोर्टात लघुलेखक होता. पस्तीस वर्षं त्याने वकिलांची भाषणं आणि साक्षीदारांची रडगाणी जशीच्या तशी कागदावर उतरवली. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी बातम्या ऐकताना त्याची बोटं मांडीवर आपोआप चालायची. भाची संध्याकाळच्या विधी महाविद्यालयाची परीक्षा देणार म्हटल्यावर तो असा काही हरखला की तिच्या तयारीची सूत्रं त्याने न विचारताच हातात घेतली.

परीक्षेचे दोन भाग होते. पहिल्यात नुसत्या खुणा करायच्या. त्याची तिला धास्ती नव्हती. दुसरा भाग निबंधाचा, तीस मिनिटांचा. एक लहानसा उतारा देणार, त्यात कुणीतरी काहीतरी दावा करून कारणं दिलेली असणार, आणि तो दावा त्या कारणांवर उभा राहतो का, हे उलगडून लिहायचं. तुमचं स्वतःचं मत काय, हे कुणी विचारलेलं नसतं.

पहिल्या रविवारी सकाळी मामाने टेबलावरचे कप बाजूला सारले, मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं आणि म्हणाला, "कर सुरू."

उताऱ्यात एक पाववाला होता. त्याने दुकानाला निळा रंग दिला आणि खप वाढला, तेव्हा सगळ्याच पाववाल्यांनी निळा रंग द्यावा, असं त्याचं म्हणणं. तिने लगोलग लिहायला घेतलं. पहिल्या परिच्छेदात तिने रंगाचा आणि खपाचा काडीचाही संबंध नाही असं ठणकावून सांगितलं. तिसऱ्या परिच्छेदात, निळा रंग लांबून दिसत असल्यामुळे गिऱ्हाईक वाढलं असेल, असंही लिहून बसली. वेळ संपली तेव्हा शेवटचं वाक्य 'म्हणून' या शब्दावर लटकत होतं.

मामाने चष्मा पुसून सगळं वाचलं. "तू स्वतःचीच उलटतपासणी घेतलीस," तो म्हणाला, "आणि हरलीस."

पुढचे चार रविवार हेच. कधी मुद्दा मध्येच फाटायचा, कधी एकच गोष्ट तीन तऱ्हांनी सांगून व्हायची आणि दुसरी राहूनच जायची. मामाचं औषध एकच होतं : आणखी जोरात लिही. सहाव्या खेपेला त्याने "कर सुरू" म्हटलं आणि तिने पेन खाली ठेवलं.

"लिही की."

"आधी ठरवते."

"काय ठरवतेस?"

"कुठे पोचायचंय ते."

"अगं, तीस मिनिटं आहेत, तीस दिवस नाहीत. हात चालत ठेवायचा. डोकं येतं मागून. मी पस्तीस वर्षं काय केलं?"

"तू दुसऱ्यांचं बोलणं लिहीत होतास, मामा. त्यांनी आधी विचार केलेला असायचा."

"निम्म्यांनी केलेला नसायचा," मामा म्हणाला, आणि आपण हे काय बोलून गेलो हे त्याच्याच लक्षात आलं.

तिने आठ मिनिटं घेतली. कच्च्या कागदावर मधोमध उभी रेघ ओढली. डाव्या बाजूला उताऱ्यातलं एकेक कारण, आपल्या साध्या शब्दांत. उजव्या बाजूला, ते कारण पटायला उतारा लिहिणाऱ्याने न सांगता काय धरून चाललंय, ते. मग प्रत्येक ओळीला एकच प्रश्न : हे धरलेलं खोटं निघालं, तर दावा कोसळतो की नुसता लंगडतो? लंगडणाऱ्या ओळींवर काट मारायची. कोसळवणाऱ्या दोन-तीन ठेवायच्या आणि त्यांना क्रम द्यायचा. सगळ्यात शेवटी, निबंधाचं शेवटचं वाक्य आधीच लिहून ठेवायचं. एवढं झाल्याशिवाय पक्क्या कागदाला हात लावायचा नाही. उरलेली बावीस मिनिटं लिहायला.

त्या रविवारी तिचा निबंध पहिल्यांदा पुरा झाला. मामाने तो वाचला, बरा आहे म्हणाला, पण त्याचं समाधान झालं नाही. "ती आठ मिनिटं माझ्या छातीवर बसतात," तो म्हणाला. "मार्गदर्शक पुस्तकातही तीनच मिनिटं लिहिली आहेत. परीक्षेत तुझ्या आजूबाजूची पोरं पानं भरत असतील आणि तू रेघा ओढत बसशील. हातपाय गळतील तुझे."

"गळू देत. आठ म्हणजे आठ."

यावरून घरात रोज खटके उडायचे. दोघंही हट्टाला पेटली की एकमेकांचं ऐकत नसत. हा गुण तिने मामाकडूनच उचललेला होता, त्यामुळे तक्रार करायलाही त्याला जागा नव्हती.

परीक्षेला पाच दिवस राहिले असताना धुलाई विभागाच्या फलकावर एक सूचना लागली. दुपारची वेळ होती. बायका ड्रायरच्या खोलीतून घामाघूम होऊन बाहेर आल्या तर फलकापाशी गर्दी. इस्त्रीच्या मोठ्या रोलरवर काम करणारी मावशी, विभागात सगळ्यात वडीलधारी, चष्मा नेहमीसारखा घरी विसरून आली होती. "वकीलबाई, वाच गं," ती म्हणाली.

तिने मोठ्याने वाचलं. गेल्या महिन्यात दुपारची सुट्टी अर्ध्या तासावरून वीस मिनिटांवर आणण्यात आली. त्याच महिन्यात धुतलेल्या कपड्यांचं वजन एक पंचमांशाने वाढलं. यावरून सुट्टी कमी केल्याने काम सुधारतं हे सिद्ध होतं. सबब पुढील महिन्यापासून सुट्टी दहा मिनिटांची राहील. खाली प्रशासकांची सही.

"दहा मिनिटांत हात धुऊन घास गिळायचा कसा?" मावशी म्हणाली. "आणि आम्ही खरंच जास्त धुतलं का गं?"

ती सूचना पुन्हा वाचत होती. दावा एक, कारण एक, आणि मध्ये 'सिद्ध होतं'. इतका नीटस उतारा तिला सरावाच्या पुस्तकातही मिळाला नव्हता. डबा न उघडताच ती चादरींच्या ढिगाला टेकली आणि वजनाच्या चिठ्ठीच्या पाठीवर उभी रेघ ओढली. पहिला शब्द तिने लिहिला तो 'अन्याय'. थोडा वेळ त्याच्याकडे बघून तिने तो खोडला. अन्याय होताच, पण त्याने दावा कोसळत नव्हता. मग मुद्दे सुचत गेले.

संध्याकाळी घरी आल्या आल्या तिने मामाला घड्याळ काढायला लावलं. "आजची आठ मिनिटं कामावर झाली. बावीस लाव."

तिने लिहिलं ते असं. धुतलेल्या कपड्यांच्या वजनात परतीच्या चादरीही मोजल्या जातात, म्हणजे डाग न निघाल्यामुळे ज्या दुसऱ्यांदा धुवाव्या लागतात त्या. एकच चादर दोनदा धुतली की वजन दोनदा धरलं जातं. परतीच्या नोंदवहीप्रमाणे गेल्या महिन्यात अशा चादरी जवळजवळ दुप्पट झाल्या. तेव्हा वाढलेल्या वजनातलं काही वजन कामाचं नसून चुकांचं आहे. दुसरं, त्याच महिन्यात लहान मुलांचा नवा कक्ष सुरू झाला. कपडे किती धुतले जातात हे किती येतात यावर अवलंबून असतं, आणि ते धुणाऱ्यांच्या हातात नाही. खरोखर काम सुधारलं का हे बघायचं असेल, तर कक्षांकडे परत गेलेल्या स्वच्छ चादरी मोजाव्यात, नव्या कक्षाच्या वगळाव्यात, आणि मग बोलावं. शेवटचं वाक्य तिने चिठ्ठीवर आधीच लिहून ठेवलं होतं : सुट्टी कमी केल्याने काम बिघडलं असंही यातून सिद्ध होत नाही, पण सुधारलं, असं तर मुळीच होत नाही.

मामाने वाचलं. मग पुन्हा वाचलं. "तुम्हाला सुट्टी हवीय, हे कुठेच नाही यात."

"ते विचारलेलंच नाही."

मामाने उठून कपाटावरचा टाइपरायटर खाली काढला, त्यावरचं फडकं झटकलं आणि कार्बन लावून चार प्रती काढल्या. त्या आठ मिनिटांबद्दल तो त्या दिवसानंतर एक अक्षर बोलला नाही.

तिचा विचार कागद फक्त मावशीला दाखवायचा होता. पण मावशीने तो सगळ्यांना वाचून दाखवायला लावला, आणि वाचून होताच बायका फलकाकडे बघायला लागल्या. तिने ओळखलं. सही नसलेला कागद लावला, तर सगळ्या पाळीवर संशय जाईल. तिने पेन काढलं, खाली आपलं पूर्ण नाव लिहून सही केली आणि सूचनेच्या शेजारी कागद टाचला.

तासाभरात प्रशासकांचं बोलावणं आलं.

त्यांची खोली थंड होती आणि टेबलावर एकही कागद वाकडा नव्हता. त्यांनी "बसा" म्हटल्यावर ती बसली. उभं राहून बोलायला ती काही आरोपी नव्हती.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"खाली सही आहे."

"टाइप कुणी केलं?"

"मामांनी."

"कोण मामा?"

"माझे."

प्रशासकांनी चष्मा काढला. "नोंदवहीतले आकडे तुम्हाला कसे कळले?"

"नोंदवही मीच लिहिते, साहेब. यातलं कुठलं वाक्य चुकीचं आहे ते सांगा. खोडून टाकते."

"वाक्यांचा प्रश्न नाही. फलक प्रशासनाचा आहे."

"मग बाजूच्या भिंतीवर लावते."

त्यांनी खण उघडला आणि एक अर्ज बाहेर काढला. तिचाच होता, महिनाभरापूर्वी दिलेला, परीक्षेच्या शनिवारची रजा मागणारा. "हे बघा," ते मऊ आवाजात म्हणाले, "तुम्ही शिकताय, चांगली गोष्ट आहे. तो कागद काढा, दोन ओळींची दिलगिरी लिहून द्या, मी इथे सही करतो. नाहीतर शनिवारी आपल्याकडे माणसं कमी आहेत."

हे तिला अपेक्षित नव्हतं. पाच वर्षं ती या परीक्षेचं मनात धरून होती. दोन ओळी लिहायला एक मिनिट लागलं असतं.

"कागद द्या," ती म्हणाली.

प्रशासकांनी कोरा कागद आणि स्वतःचं पेन पुढे सरकवलं. तिने पेन घेतलं आणि बाजूला ठेवलं. ती नुसती बसून राहिली. एक मिनिट गेलं, दोन गेली. बाहेरून ट्रॉलीच्या चाकांचा आवाज आला आणि लांब गेला.

"लिहा की," प्रशासक म्हणाले.

"लिहिते. आधी ठरवू दे."

आणखी थोडा वेळ गेला. प्रशासकांनी घड्याळ बघितलं, फोन उचलून पुन्हा ठेवला. मग तिने पेन उचललं आणि एकदाही न थांबता चार वाक्यं लिहिली. येत्या शनिवारी प्रवेश परीक्षेमुळे मी कामावर येणार नाही. तसा अर्ज मी महिन्यापूर्वी दिला आहे. फलकावरील माझ्या कागदातलं एखादं वाक्य चुकीचं असल्याचं दाखवून दिल्यास तेवढं वाक्य मी काढीन. तोवर कागद तिथेच राहील.

तिने कागद फिरवून त्यांच्यासमोर ठेवला. "याची पोच द्या."

"याचा परिणाम काय होईल, कळतंय ना?"

"कळतंय. पोच द्या."

पोच मिळाली. घरी सांगितलं तेव्हा मामाचा चेहरा उतरला. "नोकरी गेली तर गं?" तो म्हणाला. ती म्हणाली, "मग दुसरी बघू," पण जेवण तिलाही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फलकावर तिचा कागद नव्हता. दुपारपर्यंत दुसरी प्रत लागली. ती कुणी लावली, हे मुकादमाने सगळ्यांना विचारलं आणि सगळ्याजणींना एकाएकी कमी ऐकू यायला लागलं. गुरुवारी ती प्रत गेली, तेव्हा तिसरी आली. शुक्रवारी पाळी संपताना मावशी तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "उद्या वजनकाट्यावर आम्ही बघतो. परतीच्या चादरी चष्मा लावून अगदी जपून लिहिते. तू तुझं बघ."

परीक्षेची खोली मोठी होती, खिडक्या उंचावर, बाकं एकेकट्या माणसाची. तिच्या पुढची मुलगी जेमतेम वीस वर्षांची असेल. पहिला भाग आटोपला. मग निबंधाचा कागद आला. एका शहराने एका बागेतली बाकं काढून टाकली. त्यानंतर त्या बागेतल्या कचऱ्याच्या तक्रारी निम्म्यावर आल्या. म्हणून शहरातल्या सगळ्याच बागांतली बाकं काढावीत, असं नगराध्यक्षांचं म्हणणं.

घंटा झाली आणि सगळ्या खोलीत एकदम पेनांची खरखर सुरू झाली. मामा म्हणाला होता तसंच झालं. पुढच्या मुलीचा कोपर भराभर पुढे सरकत होता. तिने रेघ ओढली. तक्रारी कमी झाल्या म्हणजे कचरा कमी झाला, असं धरलंय. पण तक्रार करणार कोण? जो बागेत बसतो तो. बाकंच नाहीत तर बसणारा नाही, आणि बसणारा नाही तर तक्रारही नाही. कचरा असेलही तिथल्या तिथे. हा मुद्दा दावा कोसळवणारा होता. दुसरा, एका बागेचं सगळ्या बागांना लावणं. तिसरा तिने लिहिला : म्हातारी माणसं बसतील कुठे?

पर्यवेक्षक बाई तिच्याजवळ येऊन वाकल्या. "पेन चालत नाहीये का? माझ्याकडे जास्तीचं आहे."

"चालतंय," ती म्हणाली. "मीच अजून थांबलेय."

तिसऱ्या मुद्द्याकडे तिने पुन्हा बघितलं. तिच्या मनात रोज संध्याकाळी बागेत जाणारा मामा होता. पण नगराध्यक्षांनी म्हाताऱ्यांबद्दल काही म्हटलेलंच नव्हतं. मुद्दा मनाला लागणारा होता, पण या दाव्याला त्याने ओरखडाही उमटत नव्हता. जड मनाने तिने काट मारली. आता तिसरं काय? पुढच्या मुलीने पान उलटलं. आठ मिनिटं होऊन गेली, नऊ होत आली, आणि तेव्हा तिला सुचलं : त्याच काळात बागेत आणखी काय बदललं, झाडूवाल्यांची फेरी वाढली का, हे उताऱ्यात कुठेच नाही. तिने ते लिहिलं, क्रम लावला, शेवटचं वाक्य लिहिलं. साडेनऊ मिनिटं संपली होती.

मग ती लिहायला लागली आणि थांबली नाही. वाक्यं एकामागून एक येत गेली, कारण कुठे जायचं हे प्रत्येकाला ठाऊक होतं. घंटेला मिनिटभर असताना तिने शेवटचं वाक्य कच्च्या कागदावरून जसंच्या तसं उतरवलं आणि पेनाला टोपण लावलं. पुढची मुलगी अजून घाईघाईने काहीतरी खोडत होती.

सोमवारी कामावर गेल्यावर तिला लखोटा मिळाला. विनापरवाना गैरहजेरीबद्दल लेखी ताकीद, प्रत सेवापुस्तकात. नोकरी गेली नव्हती. फलकावरची जुनी सूचनाही गेली होती आणि तिथे नवी लागली होती, एका ओळीची : दुपारची सुट्टी पुढील आदेशापर्यंत वीस मिनिटांचीच राहील. कारण काहीच दिलेलं नव्हतं.

"मग आपण जिंकलो म्हणायचं का?" मावशीने विचारलं.

"दहाची झाली नाही, एवढं खरं. गेलेली दहा मिनिटं अजून परत आलेली नाहीत."

"मग लिही की त्याच्यावर."

"कशावर लिहू? या खेपेला त्यांनी कारणच दिलं नाही. हुशार झाले."

मावशी खो खो हसली आणि बाकीच्या बायकाही. तिला मात्र हसू आलं नाही. ती विचार करत होती, की कारण न देता निघालेल्या हुकमाला उत्तर कुठे द्यायचं असतं. ते बहुधा त्या विधी महाविद्यालयातच शिकवत असतील.

दीड महिन्याने निकाल लागला. पहिल्या भागात बेताचेच गुण होते. निबंधाला सहापैकी पाच. यादीत तिचं नाव शेवटून नववं होतं, पण यादीत होतं. मामाने ती यादी खालपासून वरपर्यंत आणि वरपासून खालपर्यंत वाचली, आणि मग खिडकीपाशी जाऊन बराच वेळ रस्त्याकडे बघत उभा राहिला.

प्रवेशाच्या दिवशी महाविद्यालयाच्या खिडकीवर तिने अर्ज भरला. दुसऱ्या पानावर एक प्रश्न होता : आपल्यावर नोकरीत कोणतीही शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का? तिने 'होय' लिहिलं. खाली तपशिलासाठी चार ओळींची जागा होती, ती पुरली नाही. तिने ताकीदपत्राची प्रत, पोच घेतलेल्या चार वाक्यांची प्रत आणि मामाने टाइप केलेला शेवटचा उरलेला कागद असे तिन्ही अर्जाला जोडले आणि खिडकीतून आत सरकवले.

आतल्या कारकुनाने पानं चाळली. तो वयस्कर होता आणि त्याचा आवाज दयाळू होता. "बाई," तो खालच्या आवाजात म्हणाला, "इथे 'नाही' लिहिलंत तरी कुणी तपासत नाही हो. उगाच कशाला आडकाठी? नवा अर्ज देऊ का?"

"नको."

"समितीसमोर जाईल हा. विचारतील तुम्हाला."

"विचारू देत. मला सांगायचंच आहे."

कारकुनाने तिच्याकडे बघितलं, मग टाचलेल्या कागदाकडे. त्याने पहिल्या दोन ओळी वाचल्या, मग चौथी, मग खिडकीबाहेरची रांग विसरून तो पुरा वाचत गेला. मागे उभ्या असलेल्या कुणीतरी घसा खाकरला. त्याने मान वर न करता शिक्का उचलला, शाईच्या गादीवर टेकवला आणि तिच्या अर्जावर मारला.

"समिती बुधवारी बसते," तो म्हणाला. "पाच वाजता या."

"माझी पाळी तीनला सुटते," ती म्हणाली. "चारलाच येऊन बसते."